बाळूंचा चहा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मंचरपासून नारायणगावपर्यंत, घोडेगावपासून ओतूरपर्यंत, कापणी झालेल्या रानांतून क्रिकेटचे डाव रंगू लागतात. आमचा नातू त्यात डाव्या हाताने संथ फिरकी टाकतो. गेल्या वर्षी त्याने विचारले, "आजोबा, आपल्या जिल्ह्यातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज कोण?" सुभाष गुप्ते, पद्माकर शिवलकर ही मुंबईची नावे ओठांवर आली, पण पुण्याच्या मैदानावर घडलेले नाव त्यांच्याही फार आधीचे आहे: बाळू बाबाजी पालवणकर.

धारवाडला जन्मलेले बाळू चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. प्रथम एका पारशी क्लबाच्या मैदानाची झाडलोट करणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे त्यांचे काम होते, महिना ३ रुपये पगारावर. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. तेथे जे. जी. ग्रेग नावाचा अव्वल फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देईन, असे त्याने बाळूंना सांगितले होते, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, त्या सरावातून एक विलक्षण गोलंदाज घडला हे निश्चित. चेंडूला उंची देणे, वेग बदलणे, एकाच हालचालीतून वेगवेगळी वळणे काढणे हे सारे त्यांनी तेथे आत्मसात केले. साहेबांनी त्यांना फलंदाजी मात्र करू दिली नाही. बॅट हाती घेणे हा सन्मान होता, आणि चेंडू टाकणे ही चाकरी.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि बाळूंवाचून ते जमणारे नव्हते. वाद पुष्कळ झाला. अखेर त्यांना संघात घेतले गेले. चेंडू सर्वांच्या हातातून फिरत होता, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी.

वाचकहो, हे वाचून पुण्याच्या त्या मंडळींना नावे ठेवणे सोपे आहे. पण आमच्या जुन्या दुकानाच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असे. पोती वाहणाऱ्या हमालांपैकी काहींना चहा त्याच कपातून दिला जाई. आजोबा त्यांची मजुरी चोख देत, एक पै कधी कमी केली नाही. कपाबद्दल कोणी बोलत नसे.

बाळूंच्या कामगिरीने प्रभावित होऊन न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना जाहीर समारंभात हार घातला आणि मैदानात ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाण्यापिण्यास का कचरता, अशा आशयाचे खडे बोल संघाला सुनावले. १८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला गेले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या मंडळींनी त्यांना आपल्या पंक्तीला बसवले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा दोन डावांत मिळून बाळूंनी आठ गडी टिपले होते. त्या विजयाचा आनंद केवळ मैदानापुरता राहिला नाही.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाची कामगिरी बेताचीच झाली. बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्याने ११४ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, तेही प्रत्येकी सुमारे १५ धावांच्या मोलाने. एवढी जमा असूनही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पंक्तीला जागा मिळाली, पण संघाचे नेतृत्व उच्च जातीकडेच राहिले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा अन्याय त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांना असह्य झाला व ते दोघे संघातून बाहेर पडले. मोठा गदारोळ उठला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. कर्णधारपदाची माळ १९२३ साली विठ्ठलच्या गळ्यात पडली. तोवर थोरल्या भावाचे खेळाचे दिवस सरले होते.

बाळू पुढे राजकारणातही उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. सुमारे दोन हजार मतांनी ते पराभूत झाले. एके काळी याच बाळूंच्या पराक्रमाचा बाबासाहेबांना अभिमान वाटे. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

हे सारे मी नातवाला सांगितले, कोनाड्यासह. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तो कप तिथून कोणी काढला?" मला ते आठवत नाही. एके दिवशी तो तेथे नव्हता, एवढेच स्मरते.