स्पार्टिना : खाजणे गिळणारे परके गवत

स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे खाऱ्या चिखलात वाढणारे गवत मूळचे उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे. तिथे ते किनारा धरून ठेवते आणि मासे-खेकड्यांच्या पिलांना आसरा देते. तेच गवत पॅसिफिकच्या दोन्ही काठांवर पोहोचले आणि तिथल्या खाजणांच्या मुळावर उठले.

खारे पाणी या गवताला मानवते. पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. पाने सुकली की त्यांवर मिठाचे बारीक कण दिसतात. खोडातील पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोहोचते, त्यामुळे प्राणवायू नसलेल्या चिखलातही ते तगते. भरतीबरोबर आलेले बी उघड्या चिखलात रुजते, जमिनीखालचे खोड चहूकडे पसरते आणि गोल बेट तयार होते. अशी बेटे एकमेकांना भिडून सलग गवताळ पट्टा होतो. दाट ताटांमुळे पाणी मंदावते, गाळ बसतो आणि जमीन उंचावत जाते. ओहोटीच्या वेळी चिखलात चोच खुपसून किडे-शिंपले टिपणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची चरण्याची जागाच मग नाहीशी होते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील विलापा उपसागरात हे गवत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवांच्या बेण्याबरोबर नकळत आले. इतरत्र ते मुद्दाम लावले गेले. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात 1970च्या दशकात खाजणे पुन्हा उभी करण्यासाठी त्याची लागवड झाली. चीनने 1979 मध्ये किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी ते अमेरिकेतून आणले.

सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा स्थानिक स्पार्टिना फोलिओसाशी संकर झाला. संकरित झाडे अधिक जोमदार असून परागही भरपूर देतात. हे पराग स्थानिक गवताच्या फुलांवर पडतात आणि त्याच्या बियांतूनही संकरित रोपेच उगवू लागतात. इमाझापिर या तणनाशकाची फवारणी करून बहुतांश गवत हटवले गेले. पण तोवर रिजवेज रेल हा दुर्मीळ पक्षी त्याच गवतात राहू लागला होता. त्याचे छत्र हरपू नये म्हणून काही ठिकाणी फवारणी थांबवून स्थानिक वनस्पती लावाव्या लागल्या.

शांघायजवळच्या चोंगमिंग बेटावर बांध घालून गवत कापले गेले आणि जमीन पाण्याखाली बुडवून ठेवण्यात आली. 2022 मध्ये चीनने देशव्यापी निर्मूलन मोहीम जाहीर केली.

या गवताचे बी साधारण वर्षभरही टिकत नाही, ही जमेची बाजू. फुलोरा येण्याआधी कापणी केली तर नवे बी थांबते. मात्र जमिनीखालचे खोड जिवंत राहिले की तिथून पुन्हा फुटवे येतात. म्हणून पहिली बेटे दिसताच ती मुळासकट काढणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. किनारा राखण्यासाठी लागवड करायचीच असेल, तर ती त्याच किनाऱ्यावरच्या वनस्पतींची असावी.