टँकरचे पाणी उतरविताना

परभणी जिल्ह्यात काळ्या जमिनीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण आहे. अशा भूगर्भात पाणी साठते ते मुख्यतः फटींमध्ये. म्हणून पावसाने ताण दिला की जिंतूरकडील डोंगराळ भागातील विहिरी लवकर तळ गाठतात व गावास टँकरवर विसंबावे लागते. टँकर विहिरीच्या काठाशी उभा करून नळी आत सोडावयाची, ही रीत सर्वत्र रूढ झाली आहे. चालकास पुढची खेप गाठावयाची असते, एवढेच तिचे समर्थन.

परंतु ज्या फटींतून विहिरीस पाणी येते, त्यांतूनच ओतलेले पाणी निघूनही जाते. धारेने तळचा गाळ उठतो. सर्वांत वाईट म्हणजे, पाणी पडू लागताच पोहरे घेऊन काठावर झुंबड उडते आणि कठडा नसलेल्या विहिरीत एखादी बाई वा मूल तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. दोन घागरींसाठी जीव धोक्यात घालावा, असे पाणी कोणत्याही गावाने घेऊ नये.

यास्तव विहिरीपासून दूर, ओट्यावर साठवण टाकी बसवून तीस तोट्या लावणे हे उत्तम. टँकर उंचवट्यावर उभा करता आला तर पाणी उताराने आपोआप उतरते. मात्र टँकरमधील पातळी खाली जाते तशी धार मंदावते, हे ध्यानात ठेवावे. टाकी उंच असल्यास पंप हवा. तो टँकरच्या तोटीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावा, म्हणजे पाणी आपणहून पंपात भरते व हवा अडकत नाही. पंपाकडे येणारी नळी जाड, न चेपणारी असावी. पुढील नळी कापडी चालेल. टँकरचे वरचे झाकण उघडे ठेवण्यास विसरू नये. ते घट्ट बंद राहिल्यास आत पोकळी होऊन प्रवाह अडतो आणि ओढ जोराची असेल तर पत्राही आत चेपतो. चाकांखाली दगड लावावेत. विजेचा पंप ओल्या जागी ठेवू नये व त्यास अर्थिंग असल्याची खात्री करावी.

सन २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तेही प्रथम विहिरीतच उतरविले गेले. पण ती विहीर केवळ साठ्याची जागा होती, तेथून पाणी नळाने शुद्धीकरणास जाई. पोहरा टाकून कोणी ते काढीत नव्हते.

गावात दुसरी सोयच नसेल, तर पाणी विहिरीत सोडताना काठ मोकळा ठेवावा व आधी औषधाचा हिशोब करावा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्यास त्याच संख्येने गुणावे, पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येते. व्यास ५ मीटर व पाणी १ मीटर असल्यास १९,६२५ लिटर. त्यात १०,००० लिटरचा टँकर मिळविला, तर दर हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणाने सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर लागते. ती बादलीत कालवून निवळी तेवढी विहिरीत सोडावी, चुनकळी तळाशी राहू द्यावी. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत पिवळी छटा आली, तरच पाणी भरू द्यावे.

काम संपल्यावर नळ्या जमिनीवर लोळू न देता, निथळून, तोंडे बांधून टांगाव्यात. गुरे फिरतात त्या जागेवरून ओढलेली नळी पुढच्या खेपेस तीच घाण टाकीत नेते.