पानांआड लपलेला वटवट्या कसा ओळखाल?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या डोंगराळ रानात हिवाळ्यातल्या सकाळी झाडाच्या शेंड्यातून 'चि-स्विट' असा बारीक, तीक्ष्ण आवाज येतो. पक्षी मात्र दिसत नाही. तो बहुधा हिरवट पर्ण वटवट्या असतो. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, वजन जेमतेम ८ ग्रॅम आणि पाठ पानांच्या रंगाची.

तो सतत का ओरडतो?
हिमालय आणि मध्य आशियाकडून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारा हा पाहुणा हिवाळाभर काही झाडं स्वतःची मानून राखतो. 'ही जागा माझी' असं तो शेजाऱ्याला बजावत असतो. म्हणूनच आज ज्या झाडावर आवाज ऐकला, तिथेच उद्या पुन्हा जा.

खालच्या झुडपातून 'चक्‌ चक्‌' असा कोरडा आवाज आला, तर तो ब्लिथचा वेळू वटवट्या असू शकतो.

कसं शोधाल?
उजाडताच झाडाखाली दहा मिनिटं गप्प उभं राहा. हलणाऱ्या पानावर नजर ठेवा. फिकट भुवई आणि पंखावरची पुसट रेघ ही हिरवट वटवट्याची खूण.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असं समजून तो किडे टिपायचं सोडून धावतो. परतीच्या लांब प्रवासाची शिदोरी मात्र त्याच किड्यांतून जमते.