जमीन गेली, पाय हलेना

दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन आला की सिल्वासात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासह साऱ्या मुक्तिसैनिकांची आठवण निघते. त्यांच्या कौतुकाला ‘स्टँड युअर ग्राउंड’ हे इंग्रजी वचन मात्र लागू पडत नाही. कितीही रेटा आला तरी जागा सोडायची नाही, हा त्याचा अर्थ. ही मंडळी तर चाल करून गेली होती. जागा धरून ठेवायची होती पोर्तुगीजांना.

21 जुलै 1954 च्या रात्री दादऱ्याच्या चौकीतला पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो शरण न जाता मारला गेला. पोर्तुगालनं त्याला मरणोत्तर सन्मान दिला. प्रशासक कॅप्टन फिदाल्गोनं मात्र सिल्वासा सोडून सुमारे दीडशे शिपायांसह खानवेल गाठलं. 2 ऑगस्टला सिल्वासा पडलं आणि 11 ऑगस्टला उदव्याला तो भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. मला विचाराल तर फिदाल्गोचा हिशेब बरोबर होता. कुमक येणारच नव्हती, मग दीडशे माणसं कशासाठी मारायची?

खरा हट्ट केला लिस्बननं, तोही हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात, भारतातून इथं येण्याच्या वाटेसाठी. तिथली सुनावणी मराठी वाचकानं मुळातून वाचावी अशी आहे. थेट पेशव्यांची कागदपत्रं बाहेर निघाली. 1779 च्या तहानं पुणे दरबारानं पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावं लावून दिली होती. कोर्टानं निर्वाळा दिला की मराठ्यांनी दिला तो फक्त वसूल, मुलूख नव्हे. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मानलं म्हणून आलं. गलोंड्यासारख्या गावांतल्या वारली, कोकणा, धोडियांना अर्थात ना पेशव्यांनी विचारलं, ना फिरंग्यांनी. ज्यांच्या पायाखालची जमीन, ते कोर्टात कुठेच नव्हते.

12 एप्रिल 1960 च्या निकालात पोर्तुगालला खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता वाटेचा हक्क मिळाला. सशस्त्र दलांना तो नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरलं. 1954 मध्ये वाट अडवून भारतानं आपलं कर्तव्य मोडलं नाही, असंही कोर्ट म्हणालं. तोवर इथला कारभार वरिष्ठ पंचायत चालवत होती. 11 ऑगस्ट 1961 ला प्रदेश भारतात आला.

लिस्बननं हे विलीनीकरण मान्य केलं ते पोर्तुगालमधली सालाझारशाही कोसळल्यावर, डिसेंबर 1974 च्या करारानं.