कॉम्प्युटर सुरू होत नाही? फाइल्स बहुधा सुखरूप आहेत

छातीच्या एक्स-रेमध्ये एखादा छोटा डाग दिसला, की आम्ही डॉक्टर पेशंटला आधी विचारतो, ‘जुना एक्स-रे आहे का?’ दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत तोच डाग तेवढाच असेल, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. जुना एक्स-रे नसेल, तर सीटी स्कॅन, कदाचित सुईने तुकडा काढून तपासणी, आणि निदान होईपर्यंत सगळ्या घराची झोप उडालेली. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर ते आठ दिवसांत वाढलं की चार वर्षांत हळूहळू, यावर उपचारांची दिशा ठरते. ईसीजीमधला बदल नवा आहे की जुनाच, यावर पेशंटला तातडीने भरती करायचं का, हे ठरू शकतं. जुने रिपोर्ट म्हणजे नुसती रद्दी नव्हे, ते औषधाइतकेच कामाचे असतात.

हे रिपोर्ट आता प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेले नाहीत. लॅबमधून ते ई-मेलवर येतात, सीटी स्कॅन सीडीवर मिळतो, आणि घरातला मुलगा किंवा सून ते सगळं लॅपटॉपमध्ये नीट लावून ठेवते. त्यामुळे ओपीडीत एक नवं उत्तर ऐकू येऊ लागलं आहे. ‘सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं हो डॉक्टर, पण तो बंद पडला. मग फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून घेतलं.’ प्रबंधासाठी दोन-तीन वर्षं पेशंटची माहिती जमवणाऱ्या निवासी डॉक्टरांवरही हाच प्रसंग येतो.

यात हळहळ वाटण्यासारखी गोष्ट ही, की कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा रिपोर्ट बहुधा जागेवरच होते. ते गेले नंतरच्या ‘उपचारा’त. म्हणून आज हा विषय.

सुरू होणं म्हणजे नेमकं काय?

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बायोस किंवा यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क हे सगळं हजर आहे का ते पाहतो. मग डिस्कवरच्या ठरलेल्या जागेतून बूट लोडर उचलतो, आणि बूट लोडर विंडोजला मेमरीत आणून कामाला लावतो. या साखळीतली एक कडी निसटली, तरी पडदा काळा किंवा निळा होतो.

तुमचे रिपोर्ट, फोटो, प्रबंध या साखळीत कुठेच नसतात. ते त्याच डिस्कवर, पण वेगळ्या जागी असतात. विंडोजमध्ये बहुतेक वेळा ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. दवाखान्याच्या दारावरचं कुलूप बिघडलं म्हणून आतले केसपेपर जळून गेले, असं कोणी म्हणत नाही. तसंच हे आहे.

याचा मोठा पुरावा जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट गेला आणि विंडोजचे कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरना याचा फटका बसला. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इंग्लंडमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना पेशंटच्या नोंदी उघडता येईनात. पण या यंत्रांमधला डेटा नष्ट झाला नव्हता. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करून दोषी फाइल काढली, की यंत्र पूर्ववत होत होतं. त्या दिवशी कोणी घाबरून डिस्क फॉरमॅट केली असती, तर एका फाइलच्या दोषापायी सगळा डेटा गेला असता.

आधी निदान

पोटात दुखतं म्हणून आलेल्या प्रत्येकाचं आपण ऑपरेशन करत नाही. इथेही साध्या शक्यता आधी तपासाव्यात. चार्जर चालू आहे का? बॅटरी फुगली आहे का? फुगली असेल तर लॅपटॉप चार्जिंगला लावूच नका, थेट दुरुस्तीला न्या. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटरची केबल लावलेली असेल तर काढा. कधी कधी यंत्र लावून राहिलेल्या पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसतं. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा सुरू करून पाहा.

त्यानंतर लक्षणं पाहा. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, म्हणजे बिघाड बहुधा वीजपुरवठ्यात किंवा मदरबोर्डमध्ये आहे आणि डिस्क धडधाकट असण्याची शक्यता मोठी. कंपनीचं चिन्ह दिसतं, पण पुढे निळा पडदा येतो किंवा गोल फिरतच राहतो, म्हणजे बहुतेक वेळा विंडोज आजारी आहे. ‘बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ असा संदेश आला, तर डिस्कची केबल सैल झालेली असू शकते किंवा डिस्कच आजारी असू शकते. आणि हार्ड डिस्कमधून टिक-टिक, खर-खर असा नेहमीपेक्षा वेगळा आवाज येत असेल, तर यंत्र लगेच बंद करा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फाइल्स बाहेर काढण्याचे मार्ग

डिस्क ठीक आहे असं वाटत असेल, तर आधी फाइल्सची प्रत काढायची आणि मगच दुरुस्ती करायची. हा क्रम मोडू नये.

पहिला मार्ग विंडोजमध्येच आहे. दोन-तीन वेळा सुरू होण्यात अपयश आलं, की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यातल्या प्रगत पर्यायांत ‘कमांड प्रॉम्प्ट’ असतो. तिथे ‘नोटपॅड’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या ‘ओपन’मध्ये जाऊन ‘ऑल फाइल्स’ निवडलं, की डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसतात. हव्या त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘कॉपी’ आणि पेनड्राइव्हवर जाऊन ‘पेस्ट’. इथे एरवीची ‘सी’ ड्राइव्ह ‘डी’ म्हणून दिसू शकते, गोंधळू नका. कॉपी किती झाली हे पडद्यावर दिसत नाही, म्हणून थोड्या थोड्या फाइल्स घ्याव्यात.

दुसरा मार्ग जास्त सोयीचा आहे. लिनक्सच्या उबुंटू किंवा मिंटसारख्या मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून थेट चालतात. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर असा पेनड्राइव्ह तयार करून घ्या. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो रिकामा असावा. मग बिघडलेला कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. त्यासाठी बटण दाबताच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबावी लागते. ती कंपनीनुसार बदलते. पडद्यावर ‘नुसतं वापरून पाहा’ आणि ‘इन्स्टॉल करा’ असे दोन पर्याय आले, तर पहिलाच निवडा. इन्स्टॉल केलंत, तर तुमची डिस्क पुसली जाऊ शकते. लिनक्स सुरू झालं की जुनी डिस्क एखाद्या फोल्डरसारखी उघडते. बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि फाइल्स तिच्यावर घ्या.

तिसरा मार्ग मदरबोर्डच बंद पडला असेल तर. डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. ही जोडणी काही शे रुपयांपासून मिळते. जुन्या सपाट डिस्कसाठी वेगळी आणि नव्या, च्युइंगगमच्या पट्टीसारख्या एसएसडीसाठी वेगळी घ्यावी लागते. काही लॅपटॉपमध्ये मात्र साठवणुकीची चिप बोर्डलाच डाखलेली असते. तिथे हा मार्ग बंद. मॅकची पद्धतही निराळी आहे. चालू होण्याइतपत जीव असेल, तर तो केबलने दुसऱ्या मॅकला जोडून त्याची डिस्क तिथे उघडण्याची सोय ॲपलने दिली आहे.

कोणताही मार्ग घ्या, कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे चारही फोल्डर आठवणीने घ्या. हिशेबाचं किंवा दवाखान्याचं सॉफ्टवेअर आपला डेटा वेगळ्याच जागी ठेवतं, तेही विसरू नका.

किल्ली कुठे आहे?

आजच्या अनेक लॅपटॉपवरचा डेटा बिटलॉकर या कुलपाखाली असतो, आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे कुलूप मोलाचं ठरतं. पण वरचा कोणताही मार्ग वापरताना ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाऊ शकते. ती नसेल, तर कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. घरच्या लॅपटॉपची किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. क्राउडस्ट्राइकच्या वेळी दुरुस्ती लांबली त्यालाही अनेक ठिकाणी या किल्ल्यांचा शोध कारण होता. तुमचा लॅपटॉप आज चालू आहे ना? मग ही किल्ली आजच कागदावर उतरवून लॅपटॉपपासून दूर ठेवा.

डिस्कच आजारी असेल तर

हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. हे टोक बिघडलं, की टिक-टिक आवाज येतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू-बंद करणं म्हणजे मोडलेलं हाड हलवून बघणं. ‘चेक डिस्क’सारखी दुरुस्ती तर मुळीच चालवू नये. ती डिस्कवर नव्याने लिहिते आणि दमलेल्या डिस्कला आणखी पळवते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना घरगुती उपायही करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

डिस्क आवाज न करता नुसती मंद झाली असेल, तर जाणकार तंत्रज्ञ जीएनयू डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्रॅम वापरतात. तो अपघात विभागासारखा वागतो. आधी सहज वाचता येणारे भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अवघड भाग शेवटी हातात घेतो. एसएसडीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यात फिरणारं काही नसल्याने ती आवाज करत नाही, काही वेळा आदल्या दिवशीपर्यंत नीट चालून अचानक दिसेनाशी होते. तिथे घरगुती उपाय नाहीत, तज्ज्ञ प्रयोगशाळाच गाठावी लागते.

अशा प्रयोगशाळा काय करू शकतात, याचं एक उदाहरण सांगतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात विखुरलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉन वायूच्या चिकटपणावरच्या एका प्रयोगाची सुमारे ४०० एमबीची हार्ड डिस्क त्या अवशेषांत जळक्या अवस्थेत सापडली. तज्ज्ञांनी चकत्या बाहेर काढून स्वच्छ केल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती वाचली. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आकाशातून कोसळलेल्या डिस्कमधली माहिती वाचू शकली, याचं एक कारण म्हणजे चकत्यांना इजा झाली ती माहिती न लिहिलेल्या भागात, आणि नंतर त्यावर कोणी काही लिहिलं नाही.

फॉरमॅटला घाई का नको?

वॉर्डच्या रजिस्टरमधून पेशंटचं नाव खोडलं, की पलंग रिकामा धरला जातो. पेशंट अजून तिथेच बसलेला असला तरी. फाइल पुसली किंवा हार्ड डिस्क झटपट फॉरमॅट केली, की असंच होतं. नोंद जाते, मजकूर काही काळ जागेवर असतो आणि परत मिळू शकतो. पण नवं विंडोज टाकलं, की कित्येक जीबी मजकूर त्याच पलंगांवर येऊन बसतो. एसएसडीत तर ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था रिकामी ठरलेली जागा स्वतःच साफ करते. तिथे फॉरमॅटनंतर फाइल परत मिळण्याची आशा फारच कमी.

म्हणून दुरुस्तीला देताना ‘आधी डेटा काढा, फॉरमॅट करू नका’ हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या. डिस्कमध्ये पेशंटची माहिती असेल, तर यंत्र कोणाच्या हाती देतो याचाही विचार डॉक्टरांनी करायला हवा. ती माहिती आपली नाही, विश्वासाने ठेवायला दिलेली आहे.

आणि लस?

या आजारावर लस आहे, ती म्हणजे बॅकअप. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. लॅपटॉपमध्ये एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, ऑनलाइन खात्यात एक, एवढं केलं की झालं. बाहेरची डिस्क कॉपीपुरतीच जोडा, एरवी काढून कपाटात ठेवा.

रिपोर्टबाबत आणखी थोडं. फाइलच्या नावात तारीख आणि तपासणीचं नाव लिहा. जुना एक्स-रे, पहिला ईसीजी, ऑपरेशनचा कागद, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ती नोंद, एवढ्या गोष्टींची छापील प्रत एका पाकिटात ठेवा. रात्री दोन वाजता अपघात विभागात आलेल्या माणसाचा लॅपटॉप कोणी उघडत बसत नाही. ते पाकीट मात्र आम्ही लगेच उघडतो.