औषध माशाला की पाण्याला?

आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी आहे. साधारण साठ लिटर पाणी. वर गप्पी, मध्ये निऑन टेट्रा आणि तळाशी पाच कोरीडोरस. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला हा छोटा मासा दिवसभर मिशांनी वाळू चाचपत फिरतो. माझी नात त्यांना ‘मिशीवाले मामू’ म्हणते.

एका सकाळी ती म्हणाली, “नाना, मामू खेळत नाहीत.” पाहतो तर दोन मासे कोपऱ्यात पडलेले. कल्ले भराभर हलत होते. तिसरा सारखा वर धाव घेत होता. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केले. दुकानातून निळे औषध आणले आणि टाकीत ओतले. दोन दिवसांत दोन मासे गेले. नात माझ्याशी बोलेना.

मग शांतपणे शोध घेतला, तेव्हा चूक सापडली. तीन दिवसांपूर्वी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून लख्ख धुतला होता.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. स्पंजवर आणि वाळूत राहणारे उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, मग बरेच कमी घातक असे नायट्रेट. नायट्राइटमुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने मी नेमके हे जिवाणूच धुऊन काढले होते. वर मिथिलीन ब्लू ओतून उरलेसुरलेही मारले. माझी स्वच्छता आणि माझा इलाज, दोन्ही माशांच्या मुळावर आले.

अमोनिया पाण्यात सगळीकडे पसरतो. पण तळाच्या माशाला आणखी एक त्रास असतो. कुजलेले खाद्य आणि गाळ त्याच्याच पोटाखाली साचतो. मिशा झिजल्या, पोटावर लाली दिसली, तर आधी वाळूकडे पाहावे. टोकदार खडे असतील तर ते काढून बारीक, गुळगुळीत वाळू घालावी. कोरीडोरस मधूनमधून वर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. ती त्याची सवय आहे. मात्र या फेऱ्या अचानक वाढल्या, तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

अशा वेळी काय करावे? पहिले काम, पाणी तपासणे. तपासणीचे संच मत्स्यपालनाच्या दुकानांत मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ते दिसले तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी जवळपास त्याच तापमानाचे हवे आणि त्यात क्लोरीन काढणारे थेंब आधी घालावेत. पाणी काढताना नळी वाळूलगत फिरवली की गाळही निघतो. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी मोठा मासा तेवढ्याने उपाशी मरत नाही. हवेचा पंप चालू ठेवावा. रोज तपासणी करून गरजेप्रमाणे पुन्हा पाणी बदलावे. जिवाणूंची वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडेही लागतात.

पाणी ठीक असूनही अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी किंवा जखम दिसली, तरच औषधाकडे वळावे. रोग ओळखून, लिटरप्रमाणे मात्रा मोजून आणि शक्य तर आजारी मासा वेगळ्या टबात ठेवून. ‘थोडे मीठ टाका’ हा सल्लाही सरसकट ऐकू नये. कोरीडोरसला जास्त मीठ सोसत नाही.

तिघे वाचले. हा मासा कळपात राहणारा आहे, एकेकटा राहिला की बुजतो. म्हणून दीड महिन्याने, तपासणीत सलग शून्य आल्यावर, आणखी तीन आणले. आता स्पंज धुवायचा दिवस आला की नात स्वतः बादली घेऊन येते. टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा हलकेच पिळायचा, एवढेच. मी जरा जोर लावला की ती हात धरते, “नाना, बस्स!”