पुरुषांचे संप्रेरक : उपचार कोणाला आणि कोणत्या किमतीवर?

पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ दिवसभर दुकान सांभाळून घरी येतो आणि जेवण होताच आडवा होतो. पूर्वीचा उत्साह राहिलेला नाही, चिडचिड वाढली आहे, पोट सुटले आहे आणि दांपत्यजीवनातील ओढही ओसरली आहे. हे शेवटचे दुःख तो कोणाजवळ बोलत नाही. पत्नीलाही विषय काढण्याचा संकोच वाटतो. अशा वेळी मोबाईलवर ‘पुरुषी ताकद’ परत मिळवून देणारी जाहिरात दिसते. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉनचा आकडा थोडा खाली आला की इंजेक्शन सुरू करण्याचा मोह पडतो. हा मोह आवरावा की मानावा, हे ठरविण्यापूर्वी लाभ आणि धोका ही दोन्ही पारडी शांतपणे पाहिली पाहिजेत.

संप्रेरकाचे कार्य

टेस्टोस्टेरॉन हे मुख्यतः वृषणांत तयार होणारे संप्रेरक आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आज्ञा पाठविते आणि त्या आज्ञेनुसार वृषण काम करतात. दाढी-मिशा, स्नायूंचे बळ, हाडांची घनता, रक्तातील तांबड्या पेशींची निर्मिती आणि कामेच्छा या सर्वांत त्याचा वाटा असतो. तिशी-चाळिशीनंतर त्याचे प्रमाण दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटत जाते. ही घट म्हणजे वयाचा क्रम आहे, व्याधी नव्हे.

तारुण्य परत मिळविण्याची आस मात्र जुनीच आहे. १८८९ मध्ये पॅरिस येथे ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपला जोम परतल्याचे जाहीर केले. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात हे संप्रेरक नगण्यच असणार, असे पुढे दिसून आले. तो जोम बहुधा श्रद्धेचा होता. खरे टेस्टोस्टेरॉन वेगळे काढण्यास आणि प्रयोगशाळेत घडविण्यास १९३५ साल उजाडावे लागले.

खरी उणीव कोणाची?

काही पुरुषांच्या बाबतीत हा उपचार निःसंशय वरदान आहे. जन्मतः एक्स गुणसूत्र जास्त असल्याने होणारा क्लाइनफेल्टर विकार, गालगुंडानंतर वृषणांना आलेली सूज, पीयूषिका ग्रंथीवरील गाठ, कर्करोगाच्या उपचारांनी झालेली हानी अशा कारणांनी शरीर हे संप्रेरक पुरेसे बनवू शकत नाही. तेथे बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शरीराची खरी गरज भागविते.

इतरांनी मात्र एका आकड्यावर विसंबू नये. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि आजारपणात किंवा अपुऱ्या झोपेने खाली जाते. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी तपासणी करावी लागते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने दर डेसिलिटर रक्तात ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण ही मर्यादा मानली आहे; पण त्यासोबत लक्षणेही असली पाहिजेत. युरोपातील आठ केंद्रांत ४० ते ७९ वयोगटातील तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. लक्षणे आणि कमी प्रमाण या दोन्ही कसोट्या लावल्यावर खरी उणीव केवळ २ टक्क्यांच्या आसपास पुरुषांत आढळली. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

मग थकवा कशाचा? शाकाहारी कुटुंबांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. थायरॉइडचा विकार, मधुमेह, रक्तक्षय, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडणे, मनाचे नैराश्य ही कारणेही तितकीच संभवतात. त्यांचा शोध न घेता संप्रेरक टोचून घेणे म्हणजे मूळ आजार झाकून ठेवणे होय.

लाभाचे पारडे

अमेरिकेत ६५ वर्षांवरील, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर चाचण्या घेण्यात आल्या. त्यांचे निष्कर्ष २०१६ व २०१७ मध्ये आले. कामेच्छा व दांपत्यसुख यांत मध्यम सुधारणा झाली, मनःस्थिती किंचित सुधारली, रक्तक्षय कमी झाला, हाडांची घनता वाढली. परंतु ज्या थकव्यासाठी बहुतेक जण औषध मागतात, त्यात ठळक फरक पडला नाही. स्मरणशक्तीतही सुधारणा दिसली नाही.

धोक्याचे पारडे

हृदयविकाराची भीती दीर्घकाळ होती. २०२३ मध्ये ५,२०० हून अधिक पुरुषांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका अधिक असलेले हे पुरुष होते. हृदयाघात, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के होते. ही दिलासा देणारी बाब खरी. पण हृदयाची अनियमित लय, फुप्फुसातील रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाची तीव्र इजा हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. हाडांची घनता वाढत असूनही अस्थिभंगही त्यांच्यातच अधिक झाले.

औषधाने तांबड्या पेशी वाढतात. रक्तक्षय असलेल्याला तो लाभ, इतरांना मात्र रक्त दाट होण्याचा धोका. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ५४ टक्क्यांच्या वर गेला तर उपचार थांबवावा लागतो. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांनी, नुकताच हृदयाघात वा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी हा उपचार सुरू करू नये. त्वचेवर लावण्याचे जेल वापरणाऱ्याने हात धुवावेत आणि ती जागा कपड्याने झाकावी. नातवंडे अंगाखांद्यावर खेळत असतील तर त्यांच्या त्वचेला जेल लागून त्यांच्यात अकाली वयात येण्याची चिन्हे दिसल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

तरुण कुटुंबांसाठी सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की पीयूषिका ग्रंथी आज्ञा पाठविणे थांबविते आणि वृषणांतील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा पूर्ण बंद पडते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने साप्ताहिक टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनांची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. निम्म्याहून अधिक पुरुषांत शुक्रजंतू पूर्ण नाहीसे झाले. व्यायामशाळेत कोणाच्या सांगण्यावरून इंजेक्शने घेणाऱ्या तरुणाला हे ठाऊक नसते. घरी पाळणा हलत नाही म्हणून सुनेच्या तपासण्या सुरू होतात, आणि कारण मुलाच्या बॅगेत असते. औषध थांबविल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते. पण त्यास अनेक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून अपत्य हवे असलेल्या पुरुषाने डॉक्टरांना ते आधीच सांगावे. त्यासाठी वेगळी औषधे असतात.

निर्णय कसा घ्यावा?

ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत दोन्ही पारडी एकत्र दिसतात. पोटाचा घेर मोठा असलेल्या आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा नुकत्याच सुरुवातीस असलेल्या सुमारे एक हजार पुरुषांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम देऊन निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन दिले गेले. दोन वर्षांनी मधुमेह औषध घेणाऱ्यांत १२ टक्के, इतरांत २१ टक्के आढळला. परंतु औषध घेणाऱ्यांपैकी दर पाचांत एकाहून अधिक जणांचे रक्त मर्यादेपेक्षा दाट झाले. लाभ आणि हानी एकाच कुपीतून येतात, हे यातून दिसते.

पोट सुटलेल्या पुरुषाने वजन घटविले तर त्याचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन वाढते, आणि त्याला कोणताही दुष्परिणाम नसतो. म्हणून आहार, चालणे आणि पुरेशी झोप यांचे पाऊल पहिले असावे. त्यानंतरही लक्षणे राहिली आणि दोन सकाळी आकडा कमी आला, तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जावे आणि चार प्रश्न विचारावेत : उणिवेचे कारण काय? अपत्याच्या इच्छेवर काय परिणाम होईल? रक्त आणि प्रोस्टेट यांची तपासणी केव्हा-केव्हा करायची? आणि लाभ न दिसल्यास कधी थांबायचे? उपचार सुरू केल्यास तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी चुकवू नये.

या भेटीला पत्नीनेही सोबत जावे. जे दुःख दोघेही वर्षानुवर्षे मनात ठेवतात, ते डॉक्टरांसमोर एकदा मोकळेपणाने बोलले गेले, तर औषधाची गरज आहे की नाही, हे ठरविणे दोघांनाही सोपे जाईल.